चालू गाडीची दुरुस्ती

गाडी चालू होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण डॉक्टर नागनाथ उमरगेकर स्वतः ही हकीकत सांगतात तेव्हा ती मोटरसायकल जणू उत्खननात सापडलेली असते. तसं काही नव्हतं. अमरावतीहून रेल्वेच्या पार्सलने ती आली त्या संध्याकाळी अलकाने टाकीत ऑइल मिसळलेलं पेट्रोल ओतलं, ओढणी कमरेला बांधली, दोन-चार किका मारल्या, आणि येझदी खोकत, धूर ओकत का होईना, पण सुरू झाली. मी समोरच्याच घरात राहते, फाटकाशी उभी होते. दोन्ही सायलेन्सरांचा तो ढबढब आवाज ऐकून विद्याधर नगरातल्या आमच्या गल्लीची कुत्री उठून बसली.

अलकाचे यजमान, म्हणजे डॉक्टर, पोर्चमध्ये हाताची घडी घालून पाहत होते. गाडी बंद झाल्यावर त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हिला रिस्टोर करायला पाहिजे."

"काहून? चालून तर राहिली आहे," अलका म्हणाली.

"चालणं वेगळं आणि निरोगी असणं वेगळं."

डॉक्टर मूळचे सोलापूरकडचे. तरुणपणी जयपूरच्या एका मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. या विषयाच्या प्राध्यापकाचं एक बरं असतं. त्याच्याकडे येणारा देह आधीच गेलेला असतो. तो उघडायचा, आतलं एकेक काढून दाखवायचं, नावं सांगायची, तास संपला की झाकून ठेवायचं. याला शिवून चालतं करा आणि घरी पाठवा, असं डॉक्टरांना उभ्या नोकरीत कोणी सांगितलं नाही. त्यामुळे आपला हात कधी चुकत नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता.

निवृत्तीनंतर या हाताला काम उरलं नाही. आधी त्यांनी बोन्साय केले. ते जयपूरच्या मे महिन्यात वाळले तेव्हा दोष रोपवाटिकेचा निघाला. मग सतार आणली. तिची एक खुंटी सरकत होती, म्हणून त्यांनी सतार उघडली. ती माळ्यावर आहे, उघडीच. आणि आता सासऱ्यांची येझदी दारात आली.

सासरे म्हणजे मोरेश्वर वऱ्हाडपांडे, सगळे त्यांना नाना म्हणायचे. कृषी खात्यात होते. या गाडीवर बसून त्यांनी अमरावती जिल्ह्यातली शेकडो शेतं पालथी घातली, आणि अलका कॉलेजात गेल्यावर तिलाही ती चालवायला शिकवली. नाना गेल्यावर अलकाच्या भावाने गाडी भंगारात काढायची ठरवली, तेव्हा भावाशी कधी चढ्या आवाजात न बोललेल्या अलकाने त्याला फोनवर सांगितलं की इस्टेटीतलं मला काही नको, गाडी पाठव, कागद माझ्या नावावर कर. अलका गणिताची शिक्षिका होती. तिचं बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं असतं, त्यात खोडायला काही उरत नाही. भावाने गाडी पाठवली.

तिचा बेत एवढाच होता की गाडी धुवायची, टायर बदलायचे, सकाळी भाजीला जायचं आणि रविवारी मन झालं तर आमेरपर्यंत एक चक्कर मारायची. डॉक्टरांनी तिला समजावलं की ही दृष्टी संकुचित आहे.

दुसऱ्या आठवड्यात पोर्चमध्ये हिरवा कपडा टांगला गेला, ऑपरेशन थिएटरात असतो तसा. डॉक्टरांनी निळा डांगरीचा पोशाख शिवून घेतला आणि खिशावर स्वतःचं नाव पदव्यांसकट भरतकामात काढून घेतलं. एक मोबाइल तिवईवर लावला, आणि जुन्या विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओ सुरू झाले. पहिल्याच व्हिडिओत त्यांनी हातमोजे घालून गाडीच्या सीटवर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले की मित्रहो, आज आपण एका रुग्णाला भेटणार आहोत. देशभर पसरलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी खाली लिहिलं, "ग्रेट सर", "प्रेरणादायी सर". यातल्या निम्म्यांना त्यांनी तोंडी परीक्षेत नापास केलं होतं.

गाडी उघडायचं काम झकास झालं. ते त्यांना येतंच. प्रत्येक स्क्रूला त्यांनी चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर त्याचं स्थान लिहिलं: डावा, समीपस्थ, पार्श्वीय. उजवा, दूरस्थ, अग्र. या पद्धतीत मानवी देहातला कुठलाही स्नायू कोणालाही सापडतो. येझदीत मात्र अडचण अशी आली की समीपस्थ म्हणजे कशाच्या समीप, हे त्यांनी रोज वेगवेगळं धरलं होतं. एके दिवशी इंजिनाच्या समीप, दुसऱ्या दिवशी हँडलच्या. सुटे भाग अलकाच्या लोणच्याच्या बरण्यांत गेले. कार्ब्युरेटर स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतला गेला, आणि त्या रात्रीच्या वरणाला जो वास आला त्याला डॉक्टर म्हणाले की हा हिंगाचा असेल.

तेवढ्यात जूनमधली ती मोठी आंधी आली. आमच्याकडे आंधी येते तेव्हा आधी आकाश पिवळं होतं, आणि शहाण्या माणसाला खिडक्या लावायला पुरेसा वेळ मिळतो. डॉक्टर त्या वेळी व्हिडिओ करत होते. इंजिन लाकडी तक्तपोसावर उघडं पडलेलं, आणि ते सिलिंडरची तुलना हृदयाच्या डाव्या कप्प्याशी करत होते. अलका आतून दोनदा म्हणाली, "अहो, झाका ते." त्यांनी एक बोट वर करून थांब अशी खूण केली. ती खूण त्या व्हिडिओत आहे. त्यानंतर व्हिडिओत फक्त वाळू आहे.

तिथून पुढे डॉक्टरांना गाडीतल्या जुन्या भागांविषयी घृणा वाटू लागली. वाळू इंजिनात शिरली होती. ते साफ करून परत बसवायला गेले तर बरणीत काही भाग उरायचे. पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं, तर आता वेगळेच भाग उरले. एका संध्याकाळी त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि मला कुंपणावरून म्हणाले, "शकुंतलाबाई, अवयव निकामी झाला की प्रत्यारोपण करावं लागतं. त्यात भावनेचं काही काम नाही, बघा."

मग पार्सलं सुरू झाली. पंजाबातून कुठूनतरी दुसरं इंजिन आलं. चकचकीत मडगार्ड आले. नवा हेडलाइट आला, आणि नवी टाकी आली, काळी, आरशासारखी.

जुन्या टाकीला उजव्या बाजूला एक पोचा होता. अलका शिकत असताना बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी घेऊन पडली होती, तेव्हाचा. तिच्या कोपराला अजून व्रण आहे. नानांनी तो पोचा कधी काढला नाही. कोणी विचारलं तर हात ठेवून सांगायचे, "ही आमच्या पोरीची सही आहे." डॉक्टरांनी ती टाकी प्रकाशात धरली आणि म्हणाले, "विकृती."

अलकाने टाकी त्यांच्या हातातून घेतली. "भंगारवाल्याला मी देते," ती म्हणाली. "तुम्ही नका त्रास घेऊ."

"तेवढं बरं होईल की," डॉक्टर म्हणाले.

आता इथे त्यांच्या हलक्या कस्टमायझेशनबद्दल सांगायला हवं. हा शब्द ते असा उच्चारत, जणू एखाद्या शस्त्रक्रियेचं नाव. गाडीचं जुनेपण तसंच ठेवायचं, पण व्यक्तिमत्त्व आपलं आणायचं, अशी ती कल्पना. व्यक्तिमत्त्व म्हणजे मोबाइल चार्ज करायचं भोक, पितळेच्या पट्टीवर कोरलेलं स्वतःचं नाव, चामड्याची एक पिशवी जिच्यात काहीच मावत नव्हतं, आणि सीट. नानांची सीट लांब होती, दोघांची. डॉक्टरांनी तिच्या जागी तपकिरी चामड्याची, स्प्रिंगवाली, एकट्याची सीट बसवली.

"अन् मी कुठं बसू?" अलकाने विचारलं.

डॉक्टरांनी विचार केला असावा, कारण उत्तर थोड्या वेळाने आलं. "तुला ऑटो आहेच की."

लांब सीटही भंगारवाल्याकडे गेली. पाठोपाठ चाकं, सायलेन्सर, किकचा दांडा. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की अलका दर थोड्या दिवसांनी ऑटोत पायाशी एक पोतं ठेवून झोटवाड्याच्या दिशेने जाते. आमच्या गल्लीत भंगारवाला रोज ओरडत येतो, मग ही तिकडे का जाते, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण अलकाला प्रश्न विचारला की ती उलट सोडवायला उदाहरण घालते, म्हणून मी गप्प होते.

शेवटी सांगाडा उरला, म्हणजे फ्रेम. तीही वाचली नाही. इंटरनेटवरच्या एका तज्ज्ञाने लिहिलं होतं की एवढ्या जुन्या फ्रेमला बारीक चिरा असू शकतात. डॉक्टरांनी आधी स्टेथोस्कोप लावून तिच्यावर चमच्याने टिचक्या मारल्या. मग ती आपल्या मोटारीच्या टपावर बांधून एका रेडिओलॉजिस्ट मित्राकडे नेली आणि तिचा एक्स-रे काढायला लावला. मित्राने मैत्रीखातर काढला. हाडं बघायच्या यंत्रात लोखंड ठेवल्यावर जे येतं ते आलं, म्हणजे पांढरी पट्टी. मित्र म्हणाला, "भाईसाहब, इसमें कुछ नहीं दिखेगा." डॉक्टरांना दिसलं. घरी येऊन त्यांनी ती फिल्म खिडकीला चिकटवली आणि नखाने एक जागा दाखवली. "हेअरलाइन फ्रॅक्चर."

त्या दुपारी अलका माझ्याकडे आली. "शकू, तुझ्या गाडीची मागची सीट पडते ना? एक लांब सामान न्यायचं आहे."

फ्रेम माझ्या गाडीत घालून आम्ही झोटवाड्याला गेलो. एका गॅरेजसमोर तिने थांबायला सांगितलं. आत भिंतीशी, ओळीने, बडनेऱ्याच्या पोच्यासकट ती टाकी, लांब सीट, चाकं, आणि वाळू धुवून काढलेलं नानांचं इंजिन. मी अलकाकडे पाहिलं.

"मेकॅनिककडे द्यायची गोष्ट मेकॅनिककडे दिली," ती म्हणाली. "त्यात काय एवढं बघून राहिलीस?"

"डॉक्टरांना सांगितलं आहेस?"

"ते म्हणाले भंगार आहे. भंगार विकत नाही घेतलं मी, उचललं. त्यांनी एकदा जरी विचारलं असतं की टाकी कुठं गेली, तर सांगितलं असतं."

त्यांनी विचारलं नाही. आता तो मेकॅनिकही काही संत नव्हता, हेही सांगायला हवं. दिवाळीपर्यंत देतो म्हणाला, मग संक्रांतीपर्यंत म्हणाला. इंजिन बांधून गाडी उभी राहिल्यावर ती एकदा त्याच्या मेहुण्याच्या वरातीत झेंडूच्या माळा घालून फिरताना मीच पाहिली. अलकाने जाऊन त्याला शाळेतल्या आवाजात काही सांगितलं, आणि पतंगांचे दिवस संपायच्या आत गाडी मिळाली. तिने ती माझ्या घरामागच्या पडवीत ठेवली. डॉक्टर पहाटे फिरायला गेले की ती येऊन चालवायची. गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांना आवाज ऐकू यायचा, पण तो कोणाचा असावा हे कुतूहल त्यांना झालं नाही, कारण एव्हाना जयपुरात येझदी एकच आहे आणि ती आपल्या पोर्चमध्ये आहे असं ते समजत होते.

त्यांची गाडीही तयार झाली होती. दिसायला देखणी होती, खोटं का बोला. फक्त सुरू होताना ती फार मान मागायची. कधी व्हायची, कधी नाही. झाली तरी फाटकापर्यंत जाऊन विचारात पडल्यासारखी थांबायची. डॉक्टर म्हणत, इंजिन अजून शरीराने स्वीकारलेलं नाही.

फेब्रुवारीत इथल्या हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांची एक फेरी ठेवली. सी-स्कीम भागातल्या एका बंगल्याच्या हिरवळीवर जमायचं, तिथून जुन्या शहरातून जलमहालापर्यंत जायचं. डॉक्टरांनी 'मूळ स्वरूपातील दुचाकी' या गटात नाव दिलं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्यांनी लिहिलं की आपल्या समाजातला एक सदस्य यंदा जयपूरच्या रस्त्यावर इतिहास घेऊन उतरणार आहे. कोण ते त्यांनी लिहिलं नाही, पण सोबत स्वतःचा फोटो टाकला.

त्या सकाळी त्यांनी चामड्याचं जाकीट, वैमानिकाचा असतो तसा चष्मा आणि घोडेस्वाराची विजार घातली. गाडी छोट्या टेम्पोत चढवून नेली. अलका मागे राहिली. "तू सावकाश ये ऑटोने," ते तिला म्हणाले. मला बघायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर टेम्पोत पुढे बसून गेले.

हिरवळीवर गाड्या तपासायला कर्नल विनय धायगुडे होते. मूळचे साताऱ्याचे, इथल्या लष्करी तळावर होते आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. मराठी मंडळात डॉक्टरांशी त्यांची चांगली ओळख, म्हणून डॉक्टर निर्धास्त होते. त्यांनी कर्नलांना गाडीची कथा सुरुवातीपासून ऐकवली. सासऱ्यांची गाडी, त्यांची आठवण, एकेक अवयव स्वतःच्या हातांनी जिवंत केला. कर्नलांनी ऐकून घेतलं, मग गुडघ्यावर बसले, खिशातून बॅटरी काढली आणि हँडलच्या मानेपाशी फ्रेमवर कोरलेला नंबर वाचला. नोंदीशी ताडून पाहिला. पुन्हा वाचला.

"डॉक्टरसाहेब, ही गाडी कुणाची म्हणालात?"

"सासऱ्यांची."

"मग ही ती नाही."

"म्हणजे?"

"फ्रेमचा नंबर वेगळा आहे. इंजिनाचाही वेगळा. टाकी नवी आहे, सीट नवी, मडगार्ड नवे." कर्नल उठून उभे राहिले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता, आणि त्यामुळेच आजूबाजूचे चार लोक ऐकायला सरकले. "यात तुमच्या सासऱ्यांचं नेमकं काय आहे?"

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. वरून खाली पाहिलं. मग म्हणाले, "नंबर प्लेट." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे, नंबर प्लेटवरचा नंबर. प्लेट मी नवीन करून घेतली."

कर्नल म्हणाले की काहीतरी घोळ असेल, गाडीच्या नोंदणीचं मूळ पुस्तक मागवा. गाडीचं पुस्तक अलकाकडे होतं. डॉक्टरांनी फोन लावला आणि ताबडतोब घेऊन ये म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ऑटो मिळायला वेळ लागेल. डॉक्टर म्हणाले, कशानेही ये, पण लवकर ये. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नंतर त्यांनी ते नाकारलं.

ती कशाने येईल हे हिरवळीवर फक्त मला माहीत होतं. मी चहाच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले.

आधी आवाज आला. ढबढब, दोन्ही सायलेन्सरांचा, भरदार. मग फाटकातून अलका आत आली. सलवार-कमीझ, वर स्वेटर, हेल्मेट, खांद्याला नेहमीची पर्स. पोचा असलेली टाकी, लांब सीट. गाडीवर रंग होता तोच जुना, जागोजागी उडालेला. तिने गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, पर्समधून पुस्तक काढून कर्नलांना दिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "घ्या. लवकर आले."

कर्नलांनी पुस्तक घेतलं, पण ते डॉक्टरांच्या गाडीकडे गेले नाहीत. ते अलकाच्या गाडीशी वाकले, बॅटरी लावली आणि नंबर मोठ्याने वाचला. जुळला. इंजिनाचा वाचला. तोही जुळला.

"वहिनी, ही कुणी केली?"

"मेकॅनिकने. सगळं हिच्यातलंच आहे. यांनी काढून टाकलं होतं."

बघ्यांपैकी कोणीतरी हसलं. डॉक्टरांचा चेहरा त्या चष्म्याच्या आड नीट दिसत नव्हता, पण कान लाल झाले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. चहा चांगला होता.

कर्नलांनी व्यवहाराची गोष्ट केली. म्हणाले, नोंद या नंबराच्या गाडीची आहे, ती गाडी हजर आहे, ती जाईल. दुसरी इथे उभी राहू दे. डॉक्टर पुढे झाले आणि अलकाकडे किल्लीसाठी हात पसरला.

"तुम्हाला येते चालवता?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच माहिती हवी होती. या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो, आत दाबून वळवावा लागतो. एवढ्या महिन्यांत डॉक्टरांनी तो दांडा काढला होता, तपासला होता, त्यावर एक अख्खा व्हिडिओ केला होता. वापरला नव्हता. आपल्या गाडीला त्यांनी किकऐवजी बटण बसवलं होतं, आणि ती पहिल्या गिअरच्या पुढे कधी गेलीच नव्हती.

हात तसाच हवेत राहिला. मग खाली गेला.

"बसा मागे," अलका म्हणाली. "सीट लांब आहे."

बसले. दुसरं काय करणार, टेम्पो परत गेला होता. अजमेरी गेटमधून, बडी चौपडवरून, हवामहालासमोरून फेरी गेली. जाकीट, चष्मा आणि विजार घातलेले डॉक्टर बायकोच्या खांद्याला दोन बोटं टेकवून बसलेले, आणि ती स्वेटर घालून भाजीला निघाल्यासारखी पुढे. दुतर्फा लोक तिलाच हात करत होते. दुकानांच्या पायऱ्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. बक्षीस कोणाला मिळालं विचाराल तर ते प्रायोजकाच्या साडूच्या मोटारीला मिळालं, दरवर्षी मिळतं तसं. पण दुसऱ्या दिवशी एका स्थानिक हिंदी वर्तमानपत्रात अलकाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, अलका उमरगेकर आपल्या पतीसह. पतीचं नाव नव्हतं.

घरी काही दिवस अबोला होता. बंगळुरूची त्यांची मुलगी प्रणाली दोघांना वेगवेगळे फोन करायची. तिचं मराठी जयपूरचं, म्हणजे अर्धं हिंदी. "बाबा, मतलब, तुम्ही नानांची गाडी फेकून दिली, मग आईने उचलली, तर यात तुम्ही नाराज का आहात?" डॉक्टर तिला म्हणाले की मुद्दा फेकण्याचा नाही, विश्वासाचा आहे. मग त्यांनी हेच अलकाला ऐकवलं. मी तेव्हा तिच्याकडे इडलीचं भांडं परत करायला गेले होते, त्यामुळे ऐकणं भाग होतं.

"तू मला फसवलंस," ते म्हणाले.

"फसवलं नाही. तुमच्यासमोरून नेलं, पोत्या-पोत्यानं."

"सांगायचं होतंस."

"कधी? तुमचं बोलणं चालू होतं." अलका डाळ निवडत होती, ती थांबली. "तुम्हाला नवी करायची होती, करा बापा. पण ती नानांची होती. त्यांच्या हाताचे डाग होते सीटवर. ते तुम्हाला धूळ वाटले. मी भांडले असते तर तुम्ही मला व्याख्यान दिलं असतं, अन् डाग तर गेलेच असते."

मला वाटलं, आता डॉक्टर चूक झाली म्हणतील. त्यांना तसं वाटत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. डोळेही जरा ओले झाले होते. मग त्यांनी घसा साफ केला.

"तरी एक लक्षात घे," ते म्हणाले. "मी उघडली नसती, तर तू इतकी चांगली जुळवून घेतली नसतीस."

अलकाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

पुढे त्यांच्या गाडीचं काय झालं ते सांगते. सी-स्कीममध्ये संकल्प नावाच्या एका तरुणाने नवं कॅफे काढलं. त्याला भिंतीवर टांगायला एक जुनी मोटरसायकल हवी होती, चालणारी नसली तरी चालेल, दिसायला पाहिजे. याहून योग्य वाहन त्याला जयपुरात मिळालं नसतं. डॉक्टरांनी ती देताना अट घातली की खाली पाटी लावायची. ती लावली आहे. पितळेच्या पट्टीवरचं नाव गिऱ्हाइकांच्या डोक्यावर चमकतं, हेडलाइटमध्ये पिवळा बल्ब जळतो, आणि नानांचं म्हणून सांगितलं जाणारं इंजिन, जे पंजाबात कोणाचं होतं देव जाणे, कॉफीच्या वाफेत गंजतं आहे.

डॉक्टर शनिवारी तिथे जातात. गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासमधली मुलंमुली मेडिकलच्या परीक्षेचा ताण हलका करायला येऊन बसलेली असतात. डॉक्टर शेजारच्या टेबलावरून सुरुवात करतात, "ही गाडी माहीत आहे कोणती?" मुलं बिचारी ऐकतात. एकाने एकदा विचारलं की सर, ही चालते का. डॉक्टर म्हणाले, "बेटा, चलना अलग बात है."

अलका त्यांना तिथे सोडायला जाते. येझदीवर, मागे बसवून. तासाभराने परत आणायलाही जाते. मी एकदा तिला म्हटलं की अगं, तो माणूस वर टांगलेली गाडी तुझ्या बापाची म्हणून सांगतो, लोकांदेखत, आणि तू खाली उभी राहून ऐकतेस. तिने हेल्मेटचा पट्टा लावला.

"सांगू दे," ती म्हणाली. "तो तास घर शांत असतं. परवा त्यांनी मिक्सर उघडायला घेतला होता."

मग तिने दांडा आत दाबला, वळवला, एक किक मारली आणि भाजी आणायला गेली.